अळ्यांची माधुकरी

सतरंजीच्या काठावर बसलेल्यांनी जरा आत सरकावं. खांबाला टेकलेल्यांनी खुशाल टेकावं, फक्त डोळा लागू देऊ नये. करडी गावच्या एका माळकऱ्याची आणि त्याच्या घरातल्या मासोळ्यांची गोष्ट आहे. पुरती ऐकलीत तर पुढच्या कीर्तनात स्वतःच्याच टाळीचा आवाज तुम्हाला वेगळा ऐकू येईल, एवढं वचन आधीच देऊन ठेवतो.

तर त्या सकाळी ईश्वरभाऊंच्या ओसरीवर बापलेकीची बोलणी अडली होती. ईश्वरभाऊ म्हणजे करडीच्या भजनी मंडळाचे पहिले टाळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसणालाही बंदी. आणि अशा घराच्या ओसरीवर त्यांच्या मुलीनं, खुशबूनं, काचेची एक मोठी पेटी मांडलेली. पेटीत फायटर माशांची पिल्लं. पिल्लं कसली, पाण्यात सांडलेलं जिरं. जिरं जरा हलतं म्हणून पिल्लं म्हणायचं.

"बाबा, फक्त माझं ट्रेनिंग होईपर्यंत," खुशबू म्हणाली. तिची बॅग भरून दारात उभी होती. "दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला द्यायचं. रोज थोडं पानी बदलवायचं. घाण पान्यात पिल्लं वाढतच नाही. रात्री झाकण घालायचं, गारठा लागू द्यायचा नाही. बस."

"खायले काय द्यायचं?"

खुशबूनं आईकडे पाहिलं. आई, म्हणजे चंद्रकांताबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"आतापर्यंत तणसाच्या पान्यावर होते," खुशबू म्हणाली. "धानाचं तनीस कुजवलेलं पानी."

"थे ठीक आहे. गाईचंच खानं."

"बाबा, तनीस नाही खात ते. त्या पान्यात बारीक जीव असतात, दिसत नाही असे."

"दिसत नाही तर मी कसा मानू? पुढं बोल."

"आता मोठे झाले. आता मच्छरायच्या अळ्या लागतील. जित्या."

ईश्वरभाऊंचा हात आपोआप माळेवर गेला. "पोरी, या हातानं टाळ वाजतो. या हातानं जित्ता जीव दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा?"

खुशबू रडकुंडीला आली. रंगीत मासोळ्या वाढवायच्या सरकारी शेडसाठी गावातून तिचं एकटीचं नाव गेलं होतं. भंडाऱ्याच्या मत्स्य खात्यातल्या साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "आधी तुमच्या घरी जन्मलेली पिल्लं वाढवून दाखवा, मग शेड. मागं एकानं बाजारातून मासे आणून स्वतःचे म्हणून दाखवले होते. मी फसणार नाही." सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याला, साहेब करडीत येणार होते. तोवर जिऱ्याचा मासा झाला पाहिजे, नाहीतर शेड गेली.

तिनं शेवटचा उपाय केला. बाजूच्या बाटलीकडे बोट दाखवलं. बाटलीत निळाशार, पदरासारखी शेपटी पसरलेला एक मासा एकटाच होता.

"हा यांचा बाप. यानं तोंडानं फेसाचं घर बांधलं. एकेक अंडं उचलून त्यात ठेवलं. पिल्लू खाली पडलं की तोंडात धरून वर नेऊन ठेवायचा, पडलं की ठेवायचा. पिल्लं पोहायला लागेपर्यंत हा जेवला नाही, बाबा."

ईश्वरभाऊंचे डोळे भरून आले. कीर्तनात बापाचा दृष्टांत आला की त्यांचे डोळे असेच भरत. "मासा असून इतकं करते," ते म्हणाले, "अन् मी मानूस असून नाही म्हनू? जा तू. पिल्लायची चिंता नको करू."

खुशबू गेली. बस वळणाआड होताच ईश्वरभाऊ बायकोला म्हणाले, "चंद्रकांता, पिल्लं मी वाढवतो. पन माह्या घरात वाढतील तर माह्या रीतीनं वाढतील. मुगाची डाळ भिजव."

चंद्रकांताबाई वैनगंगेकाठच्या पवनीच्या. माहेरी ताटात मासोळी असे, ती लग्नानंतर सुटली. पण मासोळी काय खाते हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी डाळ भिजवली. बोलल्या काहीच नाहीत, आणि हे ईश्वरभाऊंना त्याच वेळी खटकायला हवं होतं.

मुगाचा लगदा झाला. तांदळाची पेज झाली. एकादशीला भगरीचा दाणा ठेचून घातला, कारण त्या दिवशी पेज कशी चालेल? द्वादशीला शिऱ्याचा कण झाला, तोही नैवेद्य दाखवून. पिल्लं जवळ येत, वास घेत आणि पाठ फिरवत. पेटीतलं पाणी मात्र ताकासारखं पांढरं झालं. ईश्वरभाऊ इमानानं पाणी बदलत, काढलेलं पाणी तुळशीला घालत. तुळस जोमानं वाढली. पिल्लं होती तिथंच.

"ईश्वरभाऊ, जिऱ्याले फोडणी कधी देता?" शेजारचे डोमाजी रोज विचारत.

"भक्ती वाढाले वेळ लागते, डोमाजी."

"भक्तीचं नाही विचारलं, माशायचं विचारलं."

तणसाच्या पाण्यावर पिल्लं कशीबशी तग धरून होती, एवढंच.

आणि मग, काकड आरती सुरू झाली त्याच सुमाराला, चमत्कार झाला. पिल्लं वाढू लागली. सकाळी दिसायची त्याहून संध्याकाळी मोठी वाटत. पोटं गोल, अंगावर निळी-लाल झाक, शेपट्या उघडू लागल्या. ईश्वरभाऊ पहाटे काकड्याला जात, परत येऊन पेटीपुढे टाळ घेऊन बसत, भजन म्हणत, मुगाचा लगदा घालत. पिल्लं भरल्या पोटानं शांत तरंगत.

"पाहा," ते बायकोला म्हणाले. "नामानं पोट भरते, हे महाराज सांगतात ते खोटं आहे का?"

"खोटं कसं असन जी," चंद्रकांताबाई म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत गोठ्यामागून आल्या.

गोठ्यामागं, गोवऱ्यांच्या ढिगाआड, काठ फुटलेला एक रांजण होता. त्यात पावसाचं पाणी आणि कुजका पाला. खुशबूनं आईला फोनवर सगळं समजावलं होतं. पहाटे ईश्वरभाऊंचा टाळ देवळाकडे वाजत गेला की बाई रांजणात तांब्या बुडवत, बारीक कापडातून पाणी गाळत, वळवळत्या अळ्या स्वच्छ पाण्यानं धूत आणि पिल्लांना वाढत. पिल्लं खातील तेवढ्याच, वर एक नाही. देवळात घंटा होईपर्यंत इकडचा काकडा आटोपलेला असे.

ईश्वरभाऊंना काही कळलं नाही. त्यांना फक्त एक गोष्ट सापडत नव्हती.

"माहं थे धोतर पाहिलं का? मागच्या सालच्या सप्त्यात कीर्तनाले आलेल्या केशवराव महाराजायनं अंगावर घातलं होतं थे. झिरझिरीत, बारीक सुताचं. कपड्यायच्या पेटीत नाही."

"असन कोठंतरी. सप्त्यापर्यंत सापडन."

हे असं घरातल्या घरात राहिलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण ईश्वरभाऊंच्या पोटात आनंद मावेना. त्यांनी देवळात सांगितलं. देवळानं गावाला सांगितलं. लोक 'माळकरी मासे' पाहायला येऊ लागले. कोणी पेटीला हात जोडले, कोणी उदबत्ती लावली. ईश्वरभाऊंनी चंद्रकांताबाईंना न विचारता केशवराव महाराजांनाही फोन लावला.

"मुगावर वाढतात?" महाराज थक्क झाले. "ईश्वरा, हा दृष्टांत मी काल्याच्या कीर्तनासाठी राखून ठेवला बरं का. कोनाले सांगू नको."

"नाही सांगत, महाराज," गावभर सांगून झालेले ईश्वरभाऊ म्हणाले.

त्याच आठवड्यात गावच्या आशा कार्यकर्त्या, रिताताई, दारात आल्या. शेजारच्या गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले होते. करडीत कोरडा दिवस पाळायचा, घरोघरी साचलेलं पाणी ओतायचं असं ठरलं होतं. पण रिताताईंना मागच्या अंगणात कोणी पाऊल टाकू देत नव्हतं.

"माह्यावर दार लावतात, भाऊ. तुम्ही टाळ घेऊन पुढं चाला. तुमच्यावर कोन दार लावन?"

ईश्वरभाऊंना कल्पना भलतीच आवडली. भजनी मंडळ निघालं. पुढं टाळ-मृदंग, मागं रिताताई, त्यांच्या मागं पोरंटोरं. गजर करत दिंडी घरात शिरे, कुंड्या, टायर, डबडी उपडी होत, गजर करत बाहेर पडे. काही घरांनी पुढची भांडी दाखवली आणि मागची लपवली, तरी बरंच गाव कोरडं झालं. शेवटी ईश्वरभाऊ मोठ्या ऐटीत म्हणाले, "आता माहं घर. जो दुसऱ्याले सांगते त्यानं आपलं अंगन आधी दाखवावं."

"आपलं राहू द्या ना जी," चंद्रकांताबाई दारातच म्हणाल्या. "आपल्या घरी काय आहे?"

"म्हनूनच दाखवतो."

रिताताईंनी गोवऱ्यांचा ढीग बाजूला सारला. रांजणात टॉर्च मारला. मृदंग आपसूक थांबला.

"ईश्वरभाऊ," रिताताई हळूच म्हणाल्या, "अख्ख्या गावात मिळून इतक्या अळ्या सापडल्या नाही."

डोमाजी वाकून पाहत म्हणाले, "भजन म्हनून राहिल्या वाटते. तालात आहेत."

ईश्वरभाऊंचा चेहरा काळवंडला. त्यांनी कोणाकडे न पाहता रांजणाला खांदा लावला आणि तो पालथा केला. पाणी नालीकडे पळालं, अळ्या चिखलात पडल्या. कोंबड्या धावत आल्या. चंद्रकांताबाई पाहत राहिल्या. दिंडी गजर न करता परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लांनी मुगाकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी ती काचेवर तोंड आपटू लागली. मग एकाची शेपटी कुरतडलेली दिसली. भुकेनं पिल्लं एकमेकांवर उठली होती. ईश्वरभाऊंनी टाळ वाजवला, सूर चढा लावला, शिऱ्याला तूप वाढवलं. एक पिल्लू पोट वर करून तरंगलं, तेव्हा टाळ त्यांच्या हातातून खाली आला.

"चंद्रकांता, माह्या भक्तीत काय कमी पडलं?"

"भक्तीत नाही. रांजनात."

त्यांनी सगळं सांगितलं. ईश्वरभाऊ ओसरीच्या पायरीवर बसले. गावभर मिरवलेला चमत्कार डोळ्यांपुढे फिरला असणार.

"माह्या घरात, माह्या पाठीमागं, तू रोज इतके जीव..."

"मी मासोळीले जेवू घातलं. तुमच्या दिंडीनं त्या दिवशी किती मारल्या? गाडाभर असतील. टाळ वाजवून मारल्या." चंद्रकांताबाईंचा आवाज चढला नव्हता, नेहमीसारखाच होता. "नालीत ओतल्या तं पुन्य, अन् पोरीच्या पिल्लाच्या तोंडात पडल्या तं पाप? हे कोन्या कीर्तनात सांगतलं, मले सांगा. मीही येतो आयकाले."

ईश्वरभाऊंनी माळ मुठीत धरली. "महाराजायले विचारू दे."

"महाराज येतपर्यंत हे राहनार नाही. शेडही राहनार नाही. थो बापमासा पिल्लायसाठी उपाशी राहिला म्हनून तुमच्या डोळ्यातून पानी आलं होतं ना? तुमाले तं उपाशीही राहाचं नाही. फक्त मांगून आनायचं आहे."

"कोठून मांगू? सारं गाव मीच कोरडं केलं."

"सारं नाही," दारातून रिताताई म्हणाल्या. त्या रांजणाची पुन्हा तपासणी करायला आल्या होत्या आणि सगळं ऐकत उभ्या होत्या. "अर्ध्या गावानं भांडी लपवली. मले देत नाही. तुम्ही मांगा. नालीत गेल्या काय, मासोळीच्या पोटात गेल्या काय, माहं काम झालंच. फक्त उरू देऊ नका, नाहीतर पंख फुटून तुमच्याच कानाशी गजर करतील."

"काय म्हनून मांगू पन?"

"माधुकरी म्हनून," चंद्रकांताबाई म्हणाल्या आणि झाकणाचा डबा त्यांच्या हातात दिला. "मानूस पोटासाठी मांगते, तुम्ही पिल्लायसाठी मांगा. तुमच्या तोंडानं गावभर मूग सांगतलं, आता तुमच्याच पायानं गावभर जा."

आणि करडीनं ते पाहिलं. सकाळची उन्हं अंगणात उतरत होती, लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती आणि ईश्वरभाऊ गळ्यात माळ, कपाळी बुक्का, हातात डबा घेऊन निर्मलाबाईंच्या दारात उभे होते.

"माय, अळ्या वाढता का?"

निर्मलाबाईंचा कानावर विश्वास बसेना. "काय वाढू?"

"मच्छरायच्या अळ्या. खुशबूच्या पिल्लायसाठी. मुगानं नाही वाढली पिल्लं. मी चुकीचं सांगतलं होतं."

निर्मलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग डबा घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. खिडकीत उन्हाळ्यापासून कूलर तसाच होता. दिंडी आली तेव्हा त्यांनी त्याच्यावर गोधडी टाकून ठेवली होती. त्यांनी गोधडी काढली, टाकीचं बूच उघडलं आणि डबा भरून आणला. वर पदर झाकून आणला, तीर्थासारखा.

"कोनाले सांगू नका, भाऊ, माह्या घरच्या आहेत म्हनून."

पण त्यांनीच शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं म्हटलं, "एवढंसं? माह्या हौदातल्या पाहा, कशा जाड्याजुड्या आहेत." तिसरीला ते खपलं नाही. दोन दिवसांत ईश्वरभाऊंना मागावं लागेनासं झालं. लोक लपवलेली कुंडी उकरून, टायर झटकून, कूलर उपसून वाटी-वाटी ओसरीवर आणू लागले. शेठ हिरालाल सांगत होते, "माह्या घरी मच्छरच नाही, अळी कोठली?" ते एका संध्याकाळी शालीखाली बादली लपवून आले. म्हणाले, "गच्चीवरच्या टाकीतल्या आहेत. शुद्ध."

मागं अंगणात चंद्रकांताबाई गाळत, धूत, वाढत. ईश्वरभाऊ पाणी बदलत. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून अळ्या सोडल्या. दुसऱ्या दिवशी एक डोळा उघडला. आठवडा होईस्तो ते काचेला नाक लावून म्हणत होते, "त्या कोपऱ्यातल्या लाजऱ्याले मिळालं नाही. त्याले पहिले दे."

पिल्लं अशी वाढली की त्यांना पिल्लं म्हणायची लाज वाटावी. नर एकमेकांवर कल्ले फुगवू लागताच खुशबूनं फोनवर सांगितलं, वेगळे करा, एकाला दुसरा दिसला नाही पाहिजे. घरातल्या साऱ्या काचेच्या बरण्या निघाल्या, गावातल्या निघाल्या. ओसरीवर रांग लागली. मधात आडोसा काय लावायचा? चंद्रकांताबाईंनी साठवलेल्या लग्नपत्रिका काढल्या. दोन भांडकुदळ नरांच्या मधात एकेक शुभविवाह उभा राहिला आणि शांतता झाली.

"लग्नपत्रिकेनं भांडन थांबल्याचं हे पहिलंच उदाहरन," डोमाजी म्हणाले.

सप्ताह लागला. शेवटच्या तीन दिवसांसाठी केशवराव महाराज आले. ईश्वरभाऊ पाया पडले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते.

"महाराज, थे मासोळ्यायचं..."

"काही बोलू नको. काल्याले." महाराजांनी डोळे मिचकावले. मग त्यांच्या कमरेकडे पाहिलं. "मी दिलेलं धोतर नेसला नाही?"

"जपून ठेवलं आहे, महाराज."

घरी येऊन ईश्वरभाऊंनी कपड्यांची सारी पेटी उपसली. धोतर नव्हतंच.

काल्याचा दिवस उगवला. खुशबू परत आली होती. बरण्यांपुढे उभी राहून ती हसतच होती. साहेबही वेळेवर आले. आधी कीर्तन, मग प्रसाद, मग पाहणी असं ठरलं आणि साहेबांना मंडपात अगदी पुढं बसवलं.

ईश्वरभाऊ महाराजांच्या मागं टाळ घेऊन उभे होते. साऱ्या गावाला खरं माहीत होतं. माहीत नव्हतं ते दोघांना, एक महाराज आणि एक साहेब. महाराजांनी मुगाचं नाव घेतलं की साहेब म्हणणार, मुगावर फायटर वाढत नाही, हे बाजारचे मासे. शेड गेली.

महाराज रंगात आले. "याच करडी गावात, बरं का, एका भक्ताच्या घरी..."

ईश्वरभाऊंचा टाळ कडाडला. "विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल..." टाळकऱ्यानं गजर उचलला की मृदंगाला थांबता येत नाही. साऱ्या मंडपानं गजर धरला. महाराजांनी हसून मान डोलावली, गजर संपू दिला.

"तर त्या भक्ताच्या घरी काही मासोळ्या..."

"विठ्ठल विठ्ठल..."

साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूला पदर तोंडावर गेले. महाराजांनी घाम पुसला आणि सूर बदलून मागच्या दारानं शिरायचा प्रयत्न केला. "मूग म्हणजे काय, मंडळी? मूग हे..."

"विठ्ठल विठ्ठल..."

आता महाराज पूर्ण वळले. मृदंग थांबला. "ईश्वरा, नामाचा आज एवढा पूर काहून आला? मले बोलू देत नाही तू."

ईश्वरभाऊंच्या हातात टाळ तसाच अर्धा उघडा राहिला. मग बायकांमधून चंद्रकांताबाई उभ्या राहिल्या. कीर्तनात बाई उभी राहिलेली करडीनं पाहिली नव्हती.

"महाराज, मासोळ्या मुगानं नाही वाढल्या. मच्छरायच्या अळ्यायनं वाढल्या. आधी मी चोरून घातल्या. मग यायनं गावभर मांगून आनल्या, माधुकरीसारख्या. दोष असन तं माहा."

महाराजांनी वीणेवरचा हात काढला. मग त्यांनी मंडपावर नजर फिरवली.

"मागच्या वर्षी मी इथंच उभा होतो," ते म्हणाले. "तुम्ही साऱ्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की माझा ऊर भरून आला. ताल चुकत होता, पण मी म्हटलं, भाव आहे. चालू द्या. मध्येच कोणी स्वतःच्या पाठीवर टाळी वाजवे, कोणी शेजाऱ्याच्या गालावर. मी म्हटलं, देहभान गेलं. रात्री बिछान्यावर पडलो तेव्हा मलाही देहभान सुटून टाळ्या वाजवाव्या लागल्या. तेव्हा कळलं की करडी भक्ती नाही करून राहिली, मच्छर मारून राहिली."

मंडप हसू लागला.

"माझ्या कीर्तनात, मंडळी, विठ्ठलाच्या नावावर, मागच्या वर्षी किती जीव गेले असतील? आणि या वर्षी तीन दिवस पाहतो आहे. टाळी पडते ती तालावरच पडते. मी दोन्ही रात्री गाढ झोपलो. सकाळी विचारात पडलो, या गावाला झालं काय. आज उत्तर मिळालं." ते ईश्वरभाऊंकडे वळले. "माळ घातली म्हणून भुकेल्याच्या तोंडचा घास ओढायचा नसतो, ईश्वरा. ज्याचा जो घास आहे तो त्याला पोचवायचा. तू दारोदार जाऊन पोचवलास. आणि मुगाचं म्हणशील, तर तो आपण दोघं खाऊ. आता गजर घे. मघाशी माझ्या तोंडावर घेत होतास तसाच."

त्या गजराला मंडपाचं कापड हललं म्हणतात.

प्रसादानंतर साहेब ओसरीवर आले. एकेक बरणी उचलून उजेडात धरली. शेपट्या पाहिल्या, कल्ले पाहिले. मधली लग्नपत्रिका वाचली आणि परत जागेवर ठेवली.

"हे तुमचेच आहेत," ते खुशबूला म्हणाले. "बाजारचा मासा इतका गुटगुटीत नसतो. शेड तुमची. फक्त एक सांगा, अळ्या गाळता कशानं? आमच्या जाळीतून बारीक अळी निसटते."

"माय गाळते," खुशबू म्हणाली.

चंद्रकांताबाई आत गेल्या आणि धुऊन वाळवलेलं, चौकोनी घडी घातलेलं पांढरं कापड घेऊन आल्या. साहेबांनी ते उजेडात धरलं. "वा. इतकी बारीक वीण कुठं मिळाली?"

महाराज पुढं झाले. त्यांनी कापडाचं टोक बोटांत धरलं. टोकाला केशरी काठाचा एक दोरा उरला होता. ईश्वरभाऊंनीही तो दोरा ओळखला.

"ईश्वरा," महाराज म्हणाले, "जपून ठेवलं म्हणाला होतास."

चंद्रकांताबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "घरात एवढं बारीक दुसरं कापड नव्हतं, महाराज. साडीतून अळ्या निसटत होत्या."

महाराजांनी कापडाची घडी केली, कपाळाला लावली आणि चंद्रकांताबाईंच्या हातात परत दिली. "मी एकाच्या अंगावर घातलं होतं. बाईनं साऱ्या गावावर पांघरलं." मग त्यांनी पूजेचा नारळ उचलला. ईश्वरभाऊंनी सवयीनं ओंजळ पुढं केली. नारळ त्यांच्या ओंजळीवरून पुढं गेला आणि चंद्रकांताबाईंच्या पदरात पडला.

आज शेड उभी आहे. करडीत पिल्लांना पुरतील एवढ्या अळ्या सापडत नाहीत, म्हणून ईश्वरभाऊ डबा घेऊन शेजारच्या गावांत जातात. तिथले लोक त्यांना बोलावणं पाठवून नेतात. त्यांचा टाळ अजून पहिला आहे, फक्त मुगाचं नाव निघालं की तो आपोआप वाजतो.

तुम्ही आता उठाल, घरी जाल. पुढच्या कीर्तनात टाळी वाजवाल आणि ती तालावरच पडली, पाठीवर पडली नाही, तर तेवढ्या क्षणी पवनीच्या त्या लेकीची, चंद्रकांताबाईची, आठवण ठेवा. कीर्तनात तिचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही. तुम्ही तरी घ्या.